सेल्विनच्या मापाची पेटी

शवपेटी करायला शिकायचं मी ठरवलं तेव्हा मला एकोणसत्तरावं लागलं होतं आणि तोवर मी साधा खिळासुद्धा सरळ ठोकला नव्हता. ठोकू दिला नव्हता, असं म्हणा. माझा नवरा सेल्विन सुतार. हावेरा गावापासून पाटेआ गावापर्यंत ज्या घरांतली कपाटं चाळीस वर्षांनीही कुरकुरत नाहीत, ती त्याची. असल्या माणसाच्या घरात बायकोनं हातोडी उचलणं म्हणजे आचाऱ्याच्या भांड्यात पाहुण्यानं मीठ टाकणं.

त्याच्या कामाच्या खोलीत मी एकदाच माझ्या मर्जीनं गेले होते, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. ट्रूडी पोटात होती. तिच्यासाठी खोली रंगवायची होती आणि रंगाचा डबा काही केल्या उघडेना. भिंतीवर ओळीनं पटाशा टांगलेल्या. त्यातली रुंद धारेची, पिवळ्या मुठीची मी काढली आणि तिनं झाकण उचकटलं. धारेला तांदळाच्या कणीएवढा दात पडला. सेल्विन ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पटाशी उजेडात धरून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तू आपली चूल सांभाळ." दुसऱ्या दिवशी त्या खोलीच्या दाराशी जमिनीवर लाल पट्टा ओढलेला होता. रंग माझ्याच डब्यातला! पुढे ट्रूडी रांगायला लागली तेव्हा ती पट्ट्याच्या पलीकडे भुशात खेळायची आणि मी अलीकडे उभी राहून तिला जेवायला हाका मारायची.

तर त्या सेल्विनला जानेवारीत डॉक्टरनं सांगितलं की पुढचा नाताळ काही धरू नका. फुप्फुसं गेली होती. निम्मी सिगारेटनं, निम्मी लाकडाच्या भुशानं. नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनची टाकी, आणि दिवसभर खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसून डोंगराकडे बघणं. डोंगर दिसला की म्हणायचा, "पाऊस येणार." नाही दिसला की म्हणायचा, "आलाच आहे."

आमच्याकडे दर बुधवारी सकाळी जुन्या लोणी कारखान्याच्या शेडमध्ये म्हातारीकोतारी माणसं जमतात आणि आपापली शवपेटी आपल्या हातानं करतात. संस्थेचं नाव लांबलचक आहे, पण गावात सगळे 'पेटी मंडळ'च म्हणतात. कुणी पेटीवर बागेतली फुलं रंगवतं, कुणी आपल्या रग्बी संघाचे पिवळे-काळे पट्टे ओढतं. पेटी झाली की घरी न्यायची आणि वेळ येईपर्यंत वापरायची. मंडळ चालवणाऱ्या राहेराच्या पेटीत तिची पांघरुणं असतात आणि तिची नातवंडं वर बसून टीव्ही बघतात. राहेरा माझ्याहून सात वर्षांनी मोठी, तीस वर्षं खाटीकखान्यात सुरी चालवलेली माओरी बाई. भावाकडून सुतारकाम शिकली साठीनंतर. तिचा नियम एकच. दुसऱ्याच्या पेटीवर तोंड चालवा हवं तेवढं, हात लावायचा नाही. मालक अर्ध्यात गेला तर मात्र सगळ्यांनी मिळून पुरी करायची.

मी गेले तेव्हा ती म्हणाली, "ये बाई. मंडळात यायला शंभर रस्ते आहेत. बाहेर पडायचा एकच, आणि तो आडवा."

"मला माझी नाही करायची," मी म्हटलं. "नवऱ्याची करायची आहे."

शेडमधली करवत थांबली. राहेरानं चष्मा कपाळावर चढवला.

"सेल्विन बर्डेटची? अगं, त्याला कळलं तर तो मरायच्या आधीच मरेल!"

सगळे हसले. मीही हसले. पण मी ठरवलं होतं. पंचेचाळीस वर्षं मी या माणसानं केलेल्या पलंगावर झोपले, त्यानं केलेल्या टेबलावर जेवले, त्याच्या पाळण्यात पोर झोपवली. माझ्या हातचं त्याच्याकडे काय होतं? भाजलेलं मटण आणि विणलेले मोजे. मटण पोटात जातं, मोजे विरतात. मला एक लाकडाची वस्तू करायची होती, माझ्या हातची, आणि तिच्यात तो जायला हवा होता मातीत. एवढंच. आणि मरायच्या आधी त्यानं एकदा, फक्त एकदा, म्हणायला हवं होतं की बरं झालंय काम.

पहिली भानगड मापाची. पेटीला उंची लागते, पण त्याहून जास्त लागते कोपरापासून कोपरापर्यंतची रुंदी. नवशिके नेहमी खांदे मोजतात आणि मग माणूस आत अडकतो. दुपारी सेल्विन खुर्चीत घोरत होता तेव्हा मी शिवणाची फीत घेऊन त्याच्यावर वाकले. कोपरापाशी पोहोचले आणि त्यानं डोळे उघडले.

"काय चाललंय?"

"सूट शिवतेय तुला."

"कसल्या कापडाचा?"

"मॅक्रोकार्पाच्या."

मॅक्रोकार्पा म्हणजे आमच्याकडे शेतांच्या कडेला वाऱ्याला आडोसा म्हणून लावतात ते झाड. लाकूड पिवळसर, वासाचं. तो हसायला लागला आणि हसता हसता इतका खोकला की मला टाकीचा आकडा वाढवावा लागला.

"तू?" तो म्हणाला. "तू करणार? बये, तुझ्या पेटीत घातलंस तर स्मशानात पोहोचेपर्यंत मी तळातून खाली पडेन. लोक म्हणतील, सेल्विन उठला!"

"पडलास तर मी उचलणार नाही."

"निदान काटकोन बघायला गुण्या धरायला शिक आधी," तो म्हणाला आणि डोळे मिटले. नाही म्हणाला नाही. मी तेवढ्यावर खूश झाले. मूर्ख बाई.

शिकले मी. सोपं नव्हतं. साठीनंतर नवी कला शिका म्हणजे मन ताजं राहतं, असं मासिकांतून लिहितात. मनाचं माहीत नाही, पण माझा अंगठा तीनदा फुटला. पहिले दोन महिने मी नुसते तुकडे कापले आणि ते राहेरानं शेकोटीत घातले. रंधा मारताना लाकडाच्या रेषांच्या उलट गेलं की फळी ओरबाडते. ते हाताला कळायला मला सहा बुधवार लागले. पण ज्या दिवशी पहिल्यांदा लांब, सलग, कागदासारखी ढलपी निघाली आणि हातावर गुंडाळली गेली, त्या दिवशी मी ती पाकिटात घालून घरी आणली. कुणाला दाखवली नाही. शिवणाच्या डब्यात ठेवली.

सगळ्यांत अवघड काम खांद्यांचं. पेटीची बाजू खांद्यापाशी वळते ना, ती तोडून जोडत नाहीत. आतल्या अंगानं करवतीनं सहा खाचा द्यायच्या, फळीच्या जाडीच्या दोन तृतीयांश खोल, मग त्यांवर किटलीतलं उकळतं पाणी ओतायचं आणि लाकूड नरम असतानाच हळूहळू वाकवून शिकंज्यात आवळायचं. खाच उथळ पडली तर वळत नाही, खोल गेली तर फाटते. माझी उजवी बाजू वळली छान. डाव्या बाजूला दोन खाचा कमी खोल पडल्या आणि तो खांदा बोटभर फुगून राहिला.

"राहू दे," राहेरा म्हणाली. "तो डाव्या कुशीवर झोपतो म्हणायचं."

कोपऱ्यांच्या सांध्यांत फटी राहिल्या. सगळ्या नाही, पण पायाकडच्या उजव्या कोपऱ्यात आगपेटीतली काडी जाईल एवढी होती. राहेरानं पाहिली आणि स्कोनच्या गरम पावाला लोणी लावून तो माझ्या हातात दिला. तिचं सांत्वन खायचं असायचं.

जूनमध्ये पेटी उभी राहिली. शेवटच्या दिवशी मी ती उलटी केली आणि तळाच्या बाहेरच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं, 'नोलीन बर्डेट, जून'. ही चाल सुतारांची, आणि मी ती सेल्विनकडूनच उचलली होती. तो प्रत्येक कपाटात ड्रॉवरच्या मागे, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी, 'से. ब.' आणि महिना लिहायचा. दुसऱ्या कुणाचं जुनं कपाट दुरुस्तीला आलं आणि आत आधीच्या सुताराचं नाव सापडलं तर रंध्याचा एक हात मारून ते साफ करायचा. मी एकदा म्हटलं होतं, असू दे की बिचाऱ्याचं. तर म्हणाला, "मी नीट केलं की काम माझं. मग नाव त्याचं कशाला?"

पेटी घरी आली ती त्याच्याच कामाच्या खोलीत ठेवावी लागली, दुसरीकडे जागा कुठे होती? मंडळातल्या दोघांनी ती लाल पट्ट्यावरून आत नेली आणि लाकडी घोड्यांवर ठेवली. सेल्विन टाकी ओढत, भिंतीला धरत आला. मी कोपऱ्यात उभी राहिले. हसू नका, पण मी केस विंचरून, बरा स्वेटर घालून उभी होते.

त्यानं एक चक्कर मारली. डाव्या खांद्यावर तळवा फिरवला आणि भुवई वर केली. मग एकेका सांध्यावर अंगठ्याचं नख ओढत गेला. पायाकडच्या कोपऱ्याशी थांबला, खिशातून काडी काढली आणि फटीत घातली. काडी आत गेली.

"इथून पाऊस येणार," तो म्हणाला.

"मेलेल्या माणसाला सर्दी होत नाही."

"भिजेन की मी." श्वास घ्यायला थांबला. "तुझी हौस झाली ना? मग झालं तर."

हौस! पाच महिने, तीन फुटलेले अंगठे, आणि हा म्हणतो हौस. मी त्या दिवशी सूप त्याच्यासमोर आपटलं. त्यानं ते मुकाट्यानं प्यायलं.

पुढचे बुधवार मी मंडळात जातच राहिले. आता झाकण करायचं होतं. बुधवारी तीन तास तो घरी एकटा असायचा, शेजारी फोन आणि हाताशी पाणी. जुलैत त्याची तब्येत आणखी उतरली. मी परत यायची तेव्हा तो खुर्चीत घामेजून, डोळे मिटून पडलेला असायचा. एकदा त्याच्या अंगठ्याला चिकटपट्टी दिसली. विचारलं तर म्हणाला, डबा उघडताना लागलं. नखांत काहीतरी पिवळट चिकटलेलं असायचं, मला वाटलं औषध. बाईमाणूस संशय घेते म्हणतात. मी घेतला नाही. मरायला टेकलेल्या नवऱ्यावर कसला संशय घ्यायचा?

ऑगस्टच्या सुरुवातीला मी झाकण बसवून बघायला खोलीत गेले आणि जागीच थबकले. पायाकडचा कोपरा मिटला होता. मी नख ओढलं. अडकलं नाही. दुसरा कोपरा पाहिला, तिसरा पाहिला. सगळे सांधे बंद. डावा खांदासुद्धा खाली बसल्यासारखा वाटत होता. मी तिथूनच राहेराला फोन लावला.

"ओल्या हवेत लाकूड फुगतं गं," ती म्हणाली. "फटी मिटतात कधी कधी. तुझं नशीब! चांगलं लाकूड सुताराला माफ करतं."

मी धावत, खरंच धावत, सेल्विनकडे गेले. "मिटल्या!" मी म्हटलं. "सगळ्या फटी मिटल्या. ये, चल, बघ."

"बघायला कशाला पाहिजे? तूच सांग."

"नाही. तू सांग."

मी त्याला हाताला धरून नेलं. पंधरा पावलं चालायला पाच मिनिटं लागली. त्यानं पायाकडच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला, डोळे मिटून, जसा तो नेहमी फिरवायचा. आणि म्हणाला, "बरं झालंय काम."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याच्या नळीसकट त्याला मिठी मारली. त्यानं माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं. त्या दिवशी मी त्याला आवडतो तसा पावलोवाचा केक केला आणि त्यानं दोन चमचे खाल्ला. तीन आठवडे मी हवेत होते. नवरा शेजारी मरत होता आणि मी भांडी घासताना गुणगुणत होते. खोटं कशाला बोलू?

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी सकाळी चहा घेऊन गेले तेव्हा तो गेला होता. रडले. रडायचं तेवढं रडले. ट्रूडी दुसऱ्या दिवशी पर्थहून आली, तीही रडली. अंत्यविधीवाला म्हणाला, "पेटी तुमच्याकडे तयारच आहे म्हणे," आणि मी मान ताठ करून म्हटलं, "हो. मी केली आहे."

बुधवारी दुपारी राहेरा दोरखंड आणि लाकडी पट्ट्या घेऊन आली. वजन पेलायला तळाला बाहेरून तीन आडव्या पट्ट्या माराव्या लागतात. ते काम आमच्याकडे शेवटी करतात, नाहीतर पेटी घरात सरकवताना फरशीवर चरे पडतात. आम्ही तिघींनी मिळून पेटी उलटी केली.

तळ गुळगुळीत होता. इतका गुळगुळीत की खिडकी त्यात पुसट दिसत होती. माझं नाव नव्हतं. त्या जागी पेन्सिलीनं, थरथरत्या पण ओळखीच्या अक्षरांत लिहिलं होतं, 'से. ब., जुलै'.

मला कळायला वेळ लागला. राहेराला नाही लागला. तिनं चष्मा डोळ्यांवर ओढला, पेटी आडवी करून सांध्यांना डोळा लावला आणि हळूच म्हणाली, "कपच्या घातल्यात. बघ. प्रत्येक फटीत त्याच लाकडाची कपची सरसानं चिकटवून वरून रंधा मारलाय. रेषेला रेष जुळवलीय मेल्यानं. आणि खांदा पुन्हा पाणी ओतून वाकवलाय." तिनं सांध्यावरून बोट फिरवलं. "काय हात होता गं त्याचा."

बुधवारी. तीन तास. टाकी ओढत, भिंतीला धरत. माझ्या पाठीमागे, मी झाकणाला रंधा मारत होते तेव्हा. आणि मग मला नाचताना बघून म्हणाला, बरं झालंय काम. स्वतःच्याच कामाला म्हणाला!

"आई," ट्रूडी रडत म्हणाली, "किती प्रेमानं केलं असेल बाबांनी. श्वास येत नव्हता त्यांना, तरी तुझ्यासाठी... तुला लोकांसमोर कमीपणा येऊ नये म्हणून..."

"फटी बुजवल्या त्या प्रेमानं, असं धरू," मी म्हटलं. "मग तळ का रंधला?"

"म्हणजे?"

"तळाला फट नव्हती, ट्रूडी. एकसंध फळी आहे ती. तिथे रंधा मारायचं कारण एकच होतं, आणि ते मी जूनमध्ये पेन्सिलीनं लिहिलं होतं. त्यासाठी हा माणूस एवढी पेटी कुशीवर वळवत बसला. पाणी प्यायला उठवत नव्हतं त्याला!"

ट्रूडी म्हणाली, "सवय गं त्यांची. हात आपोआप..."

"पंचेचाळीस वर्षं आपोआपच चाललं होतं सगळं."

राहेरा पट्ट्या खाली ठेवत म्हणाली, "आमच्या मंडळात दुसऱ्याच्या पेटीला हात लावत नाहीत."

"तो मंडळात नव्हता," ट्रूडी म्हणाली.

"पेटी होती ना."

मी खोडरबर आणला. शिवणाच्या डब्यातून, जिथे ती ढलपी ठेवली होती तिथूनच. 'से. ब.' वर टेकवला आणि थांबले. खोडून काय करणार? खोडून मी माझं नाव लिहिलं असतं, आणि लोकांनी त्या सांध्यांवरून हात फिरवत वाहवा केली असती, आणि मी ती घेतली असती. मी भांडकुदळ आहे, आळशी आहे, आणखी पुष्कळ काही आहे, पण चोर नाही. काम त्याचं होतं. नाव त्याचं राहू दिलं.

मग मी भिंतीकडे गेले. पटाशा होत्या तिथेच होत्या, ओळीनं. पिवळ्या मुठीची रुंद पटाशी काढली. त्यानं तेव्हाच घासून दात काढून टाकला होता, धार आरशासारखी होती.

"आई, काय करतेयस?" ट्रूडी म्हणाली. "आई! बाबांची शेवटची वस्तू आहे ती!"

"त्यांच्या शेवटच्या वस्तूतलं मला काहीतरी हवंय."

राहेरानं ट्रूडीच्या दंडाला धरलं. "करू दे तिला. नियमात बसतं."

पायाकडच्या उजव्या कोपऱ्यावर मी पटाशीचं टोक लावलं. कपची कुठे संपते आणि माझं लाकूड कुठे सुरू होतं ते डोळ्यांना दिसत नव्हतं, पण बोटाला लागलं. सहा बुधवारांत एवढं शिकले होते. मुठीवर तळहाताचे दोन फटके दिले. सरस कट्कन तुटला आणि कपची उचलली गेली, अख्खी, बोटभर लांब, नखाएवढी पातळ. खाली माझी फट होती, होती तश्शी. मी आगपेटीतली काडी घालून पाहिली. गेली.

बाकीच्या फटी तशाच ठेवल्या. एक पुरे होती. कपची मी स्वयंपाकघरातल्या चुलीत टाकली आणि त्यावर चहाचं पाणी ठेवलं. ट्रूडी त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. पट्ट्या राहेरानं आणि मी मारल्या, 'से. ब.' वर येणार नाही अशा.

शुक्रवारी डोंगर दिसत नव्हता. म्हणजे पाऊस आलाच होता. चर्चमध्ये जागा उरली नाही. ज्यांच्या घरी त्याची कपाटं होती ते सगळे आले होते. पेटी मध्यभागी. एकेक जण यायचा, लाकडावर हात फिरवायचा आणि माझ्याकडे वळून म्हणायचा, "नोलीन, तू केलीस ही? खरंच?" मी प्रत्येकाला म्हणत होते, "सेल्विननं केली." लोकांना वाटत होतं मी विनयानं बोलतेय. आमच्या गावात बायकांच्या विनयाचं फार कौतुक.

शेवटी डेस आला. सेल्विनबरोबर वीस वर्षं एका बाकावर काम केलेला, आता काठी टेकत चालणारा. त्यानं इतरांसारखा तळवा फिरवला नाही. सेल्विनसारखाच, डोळे मिटून, अंगठ्याचं नख सांध्यासांध्यावरून ओढत तो पेटीभोवती फिरला. एक कोपरा. दुसरा. मान हलवत होता. तिसरा. पायाकडच्या उजव्या कोपऱ्याशी त्याचं नख अडकलं.

तो वाकला. नीट पाहिलं. पुन्हा नख घातलं. मग गोंधळून माझ्याकडे बघत म्हणाला, "सगळा हात त्याचाच आहे गं. डोळे मिटून ओळखेन. पण इथे फट राहिलीय. सेल्विन असली फट ठेवणार नाही. पाऊस जाईल इथून आत."

बाहेर पन्हाळी वाजत होत्या. ट्रूडीनं मान खाली घातली.

"जाऊ दे," मी म्हटलं. "एवढी फट माझ्या हातची आहे."